तिसऱ्या पायरीवरची माती

"गट नंबर?" महानंदाने विचारलं.

"एकशे अठरा," माणिकप्पा म्हणाला. "उगवतीच्या बांधाला चिंच व्हती."

"चिंचेचं नाही लागत, आप्पा. नंबर पुरे."

तिने रजिस्टर आपल्याकडे वळवून उघडलं. पान शोधावं लागलं नाही. लगेच बोट ठेवलं.

खाणीचं ऑफिस म्हणजे पत्र्याचा कंटेनर. भिंतीवर डोंगराचा नकाशा. हा डोंगर देवाने केलेला नव्हता. कोळसा हाती लागायच्या आधी खाणीतून जे जे निघालं, मुरूम, दगड, राखाडी गाळ, ते नऊ वर्षं डंपरने इथे ओतलं होतं. आता त्यावर जंगल करायचं ठरलं होतं. नकाशात तो हिरवा झालाही होता.

माणिकप्पाला जंगलाशी देणंघेणं नव्हतं. त्याला आपल्या शेताची माती बघायची होती. त्या मातीत त्याची बायको रत्नम्मा होती.

लिंगायतांत गेलेल्या माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि माती देतात. खाणीसाठी शेत गेलं तेव्हा अधिकारी म्हणाले, समाधी हलवायची तर हलवा. बसलेल्या बाईला उठवायचं कसं? माणिकप्पा नाही म्हणाला. मग एका साहेबाने समजूत घातली. वरची काळी माती आम्ही आधी काढतो, वेगळ्या ढिगात ठेवतो, गट नंबरची पाटी लावतो आणि शेवटी डोंगरावर तीच पसरतो. तुमची मंडळी आपल्या मातीतच राहतील. माणिकप्पाने त्या पाटीवर भरवसा ठेवून चांगली वळणदार सही केली.

तेव्हापासून तो हिमायतनगरला पोराच्या किराणा दुकानात बसायचा. बसायचा म्हणजे नुसता बसायचाच. गिऱ्हाईकाने गूळ मागितला तर ऐकू यायचं, हात उठायचा नाही. रडला मात्र एकदाही नाही. "आप्पा, माती ती माती," पोरगा म्हणाला होता. तो तेलाच्या डब्यात बेलाचं रोप वाढवत राहिला.

आज तो डबा मांडीवर घेऊन आला होता. जीपवाल्याने वाटेत टोमणा मारलाच, "खाणीवर झाड लावता व्हय, आप्पा? तिथं दगडं पिकतेत!"

"चौथा ढीग," महानंदा म्हणाली. "तिसऱ्या पायरीवर पसरलाय. चला."

"पक्कं?"

"रजिस्टर आहे ना."

ढासळू नये म्हणून डोंगर जिन्यासारखा कापला होता. तिसऱ्या पायरीपर्यंत पायवाट चांगली मळलेली होती. मजूर जात-येत असतील, माणिकप्पाला वाटलं.

"बाई, तुमी कुठल्या?"

"लोह्याची."

"लई लोक येत असतील इचारायला."

"येतात," ती म्हणाली आणि पुढे चालू लागली.

अंगणाएवढा काळ्या मातीचा तुकडा. कडेला एक सपाट दगड, शेजारी पाण्याने भरलेली बादली.

माणिकप्पाने ढेकूळ फोडून वास घेतला. मातीचा होता. त्याने हातानेच खड्डा केला, बेल लावला, पाणी घातलं, दगडावर तीन बोटं विभूती ओढली. नऊ वर्षं काय काय बोलायचं ठरवलं होतं. तोंडातून निघालं ते एवढंच, "दुकान बरं चालून राहिलंय."

मग छातीत कसंसं झालं. मांडी घालून फार वेळ बसल्यावर बधिर झालेला पाय सुटतो, तेव्हा आधी मुंग्या येतात, तसं. मुंग्या डोळ्यांपर्यंत आल्या. तो किती तरी वेळ रडला.

"बसा सावकाश," पाठ फिरवून उभी असलेली महानंदा म्हणाली आणि खाली गेली.

चेहरा धुवायला तो पायरीच्या टोकाला उभ्या टँकरपाशी गेला. ओंजळ भरली तेवढ्यात महानंदा परत वर येताना दिसली. मागे एक म्हातारी, काखेत पिशवी.

"चौथा ढीग, गुणाबाई. तिसरी पायरी. ही बघा तुमची माती."

"बेचाळीस नंबरची?"

"बेचाळीस नंबरची."

गुणाबाई मटकन खाली बसली. "आठ दिसाची लेक व्हती वो. नावबी ठिवलं न्हवतं. बांधालाच पुरली. हीच माती कशावरून म्हनायची?"

"रजिस्टर आहे ना."

माणिकप्पाच्या ओंजळीतलं पाणी गळून गेलं. तो चालत आला. महानंदाने त्याला पाहिलं आणि रजिस्टर छातीशी धरलं. त्याने हात पुढे केला. तिने दिलं.

त्याने पान उलटलं. दुसरं उलटलं. शेवटपर्यंत गेला. नुसती नावं होती, पस्तीस-चाळीस, गावांसकट. नावापुढे माणूस आला त्या दिवसाची तारीख. ढिगाचा, पायरीचा रकाना सगळीकडे कोरा. शेवटचं नाव त्याचं होतं, शाई ताजी.

महानंदा खाली बघत होती.

"मॅडम," गुणाबाईने ओल्या आळ्यात बोट घातलं. तिचा आवाज चिरकला. "हे रोप कुनाचं? अन् ही इबूत? दुसऱ्या कुनाचं मानूस हाय का हितं? खरं सांगा. हदगावहून आले मी. ह्या नऊ वर्सात कुटंच न्हाई गेले."

 

माणिकप्पाने रजिस्टर मिटून महानंदाच्या हातात दिलं. मग वाकून दगडावरची विभूती धोतराच्या सोग्याने पुसली.

"माळी हाय मी हितला, अक्का," तो म्हणाला. "मॅडम म्हनल्या, बेचाळीस नंबरच्या लेकराला सावली पायजे, म्हनून सकाळी लावलं."