जिभेची पारख

“पान डोळ्यांनी नको बघू गो. जिभेला इचार.”

सासूचा तो आवाज आवडीच्या कानात अजून तसाच होता. तेव्हा ती नवी नवरी. म्हातारी तंबाखूच्या पानाचं टोक खुडायची, गालात धरायची, डोळे मिटायची. मग सांगायची, या पानाला गूळ किती. चाखलेलं थुंकायची नाही. थुंकलं की चव पळते म्हणायची. आणि विळीवर पान चिरताना हलकेच ओवी म्हणायची :

कडू तमाखूचं पान, माझ्या जिभेनं जोखलं
भरल्या पालखीत नाव, माझ्या धन्याचं राखलं.

आज म्हातारीचं पानांचं सूप आवडीच्या पुढ्यात होतं. घाटावरचं काळं जाड पान एकीकडे, पिवळं पातळ दुसरीकडे. शिरा काढून झाल्या होत्या. वाटीत गुळाचं पाणी होतं. समोर बसली होती तिची सून, दर्शना. आणि ओटीवर भिंतीला पाठ लावून गोमाजी, आवडीचा नवरा. शिकवणी नीट होते की नाही, ते बघत.

शिमग्याला देवाची पालखी सहाणेवर, गावाच्या चौथऱ्यावर, टेकली की पहिली चिलीम गोमाजीच्या घरची, तंबाखू घरच्या बाईच्या हातची. त्याच्या बापापासूनची ही रीत. मुंबईहून आलेले चाकरमानीही सिगारेट खिशात ठेवत आणि त्या चिलमीला हात पुढे करत. यंदा वाडीतल्या काशीरामने पहिला झुरका ओढला आणि खोकतच सुटला.

“गोमाजी, मिरच्या जाळल्यास काय रे? देवाची दिष्ट काढतोस?”

सगळी सहाण हसली. चिलीम अर्ध्या वाटेवरून परत आली.

घरी येऊन गोमाजी एवढंच म्हणाला, “हात गेला तुझा.” त्यानंतर तो आवडीशी बोलला नव्हता. मुलाने, दीपेशने, कारखान्यात पाळीवर जाता जाता विचारलं, “बाबा, महाडास्नं पुडी आनू काय?” तर गोमाजी ताटावरून उठला. उद्या पालखी त्यांच्याच दारात यायची होती. दारात आलेल्या देवापुढे पुन्हा हसं झालं असतं, तर त्याला वाडीत मान वर करता आली नसती.

“आई, किती वाट्या गूळ ते सांगा ना,” दर्शना म्हणाली. “मी मोबाइलमधी टिपून ठेवते.”

“तराजूनं चव कळती, तर तराजूच ओढला असता,” ओटीवरून गोमाजी बोलला. “पान रोज निराळं असतं. जिभेवर ठेव. माझी आई ठेवायची. म्हनून तर देवानं तिला तसलं मरन दिलं. शेवटच्या सालात मौन धरलं तिनं. पदर तोंडाला लावून नाव घेत बसायची. भाकरी सोडली, नुसत्या पेजेवर राह्यली. पुन्यवान बाय!”

वाडीतल्या बाया आजही त्या मौनाचं नाव काढून हात जोडत.

आवडीने पदर ओठांवर ओढून घेतला.

“आई, तुमी पन सकाळपास्नं पेजच घेताय,” दर्शना हळूच म्हणाली. “कालची भाकरी पन तशीच होती.”

“दात हलतात गो.” एवढं बोलायलाही आवडीला वेळ लागला.

दर्शनाने काळ्या पानाचं टोक खुडलं. नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. “ईऽऽ! माझ्या माहेरी, सवला, गरम कुंडाच्या गंधकाच्या पान्याला वास येतो, पन असला नाय हो!”

तिचं हसू कोवळं होतं. घरात ते आल्याला अजून वर्षही झालं नव्हतं. आवडी त्या हसणाऱ्या तोंडाकडे बघत राहिली. स्वच्छ दात. गुलाबी जीभ. गोड म्हटलं की गोड कळणारी.

“हसतेस काय?” गोमाजी म्हणाला. “गालात धर. थुकायचं नाय. रोज चाखलंस की कळंल. आवडे, सांग की तिला! तोंडात काय मूग भरलेत?”

दर्शनाने डोळे मिटले. पान ओठांशी नेलं.

आवडीने तिचं मनगट धरलं. इतकं घट्ट, की बांगडी पिचली. पान सुटून गुळाच्या पाण्यात पडलं.

गोमाजी उठून उभा राहिला. “ही कसली रीत? तुझा हात गेला, तर आता सुनेच्या हाताला पन यश नको काय?”

आवडीने सुनेचं मनगट सोडलं नाही. दुसऱ्या हाताने तोंडावरचा पदर खाली घेतला. बोलताना शब्द अडखळत होते, तोंडात खडा धरल्यासारखे.

“हात नाय गेला माझा. जीभ गेलीय. गूळ घातला का मीठ, मला कायपन कळत नाय.”

“म्हंजे?”

बाहेर, खालच्या वाडीत ढोल तापवत होते. गोमाजी बायकोच्या तोंडाकडे बघत होता. बऱ्याच दिवसांत त्याने तिकडे बघितलं नव्हतं.

“तुमच्या आयनं मौन नव्हतं धरलं,” आवडी म्हणाली. “तिची जीभ सडली होती. पदराआड मी रोज धुवायची. तुमाला कळलं तर तुमी चिलीम सोडाल, घराचा मान जाईल, म्हनून तिनं माझ्याकडनं आन घेतली होती. ती आन मी पाळली. आता माझी पन तशीच सडलीय, आन् मला धुवायला ही पोर मी लावनार नाय.”