आवाजाची किल्ली

"तो प्रोग्रॅम आम्ही बंद केलाय, मॅडम. त्याची किल्ली आता मिळणार नाही. नवीन घ्या, त्यात चाळीस आवाज आहेत."

"त्यात माझ्या आईचा आहे का?" थोरलीने विचारलं.

पलीकडचा माणूस "आणखी काही मदत?" म्हणाला. तिने फोन ठेवला आणि खोलीत येरझारा घालू लागली.

आई खिडकीशी बसली होती. गळ्याच्या ऑपरेशनआधी तिने माइकसमोर बसून ढीगभर वाक्यं वाचली होती. त्यांतून प्रोग्रॅमने तिचा आवाज बांधला. आई टाइप करायची, कॉम्प्युटर तिच्या आवाजात बोलायचा. महिन्याभरापूर्वी तो कॉम्प्युटर जळाला. बांधलेल्या आवाजाची प्रत जपून ठेवलेली होती, पण नव्यावर प्रोग्रॅम परवान्याची नवी किल्ली मागत अडून बसला. तेव्हापासून मेल झाले, फोन झाले, मिनतवाऱ्या झाल्या. आई पाटीवर लिहायची. हल्ली तेही सोडत चालली होती.

थोरली खुर्चीत टेकली, उठली, पुन्हा टेकली. नकली किल्ल्या पाडणारा एक छोटा प्रोग्रॅम तिने सकाळीच उतरवून घेतला होता, पण उघडायला हात धजत नव्हता. ऑफिसात तिचं कामच असल्या प्रोग्रॅमांपासून कुलपं राखायचं. बढतीसुद्धा त्यावरच मिळालेली.

शेवटी तिने तो उघडला. उघडताक्षणी त्यातून ठणाणा संगीत सुरू झालं.

"ही कसली वाजंत्री?" स्वयंपाकघरातून बाबांनी विचारलं.

"काही नाही, बाबा." ते बंद कसं करायचं, तिला सापडेना.

आईने पाटी पुढे केली. 'चोरीचं आहे?'

"हो."

आईने पुसून पुन्हा लिहिलं. 'तुझी नोकरी?'

"कुलूप त्यांचं आहे, आई. आतला आवाज तुझा आहे."

 आईने पाटी खाली ठेवली आणि खुर्ची जवळ ओढली.

पहिली किल्ली लागली नाही. दुसरीही नाही.  एकेक अक्षर पुटपुटत थोरली पुढची घालू लागली, चुकली, पुसून परत घातली. एकदाची किल्ली मागणारी ती अडेल चौकट नाहीशी झाली आणि कोरं पान उघडलं.

किल्ल्यांचा प्रोग्रॅम, आणि त्याबरोबर संगीतही, बंद करून थोरली बाजूला सरली. आईने चष्मा सारखा केला आणि एका बोटाने टाइप केलं.

"अहो, ऐकलंत का?" कॉम्प्युटर म्हणाला.

"आलो गं," बाबा आतून म्हणाले, कामात कुणी हाक मारली की म्हणायचे तसे, किंचित वैतागून.

मग भांड्यांचा आवाज थांबला. नळही बंद झाला. दोघी दाराकडे बघत राहिल्या, पण बराच वेळ दारात कुणी आलं नाही.