गोड अर्थ

"हिचा नवरा नेमकं काय म्हणतो? शब्दाला शब्द सांगा," फौजदारांनी दुभाषीबाईंना बजावलं.

शेजारी बसलेली तरुणी खालच्या आवाजात स्पॅनिश बोलत होती आणि दुभाषीबाई एकेक वाक्य सांगत होत्या. "'जाशील तिथे माग काढत येईन. कडी घातलीस तर दारातच बसेन. माझी झाली नाहीस, तर कुणाचीच होऊ देणार नाही.'"

"ही तर उघड धमकी झाली!" फौजदार तक्रार लिहायला लागले. "कधी दिली?"

दुभाषीबाईंनी विचारलं, तेव्हा तरुणी कसनुसं हसली.

"घरी रोज देतो, म्हणते. त्याचंच त्याने गाणं केलंय. आपल्या रेडिओवर सारखं लागतं ना, तेच स्पॅनिश गाणं. लोक तिकीट काढून ऐकायला जातात."

फौजदारांचं पेन थांबलं. "म्हणजे तो गायक हिचा नवरा? अहो, माझ्या लग्नात त्या गाण्यावर वऱ्हाड नाचलंय!" त्यांनी मोबाइलवर रेडिओवाल्यांनी दिलेला गाण्याचा मराठी अर्थ काढला आणि मोठ्याने वाचला. "'जिथे तू, तिथे मी. तुझ्या उंबऱ्याशी जन्म काढीन. तू माझी नसलीस, तर जगात उरलंच काय?' एवढा जीव लावणाऱ्या माणसावर तक्रार? समजवा तिला, बाई. घरी जा म्हणावं."

त्यांनी कागद फाडला.

"साहेब काय म्हणाले?" तरुणीने घाबरून विचारलं.

दुभाषीबाई मोबाइलवरचा तो अर्थ पुन्हा वाचत होत्या. रेडिओवाल्यांना तो अर्थ त्यांनीच, पदरचे चार गोड शब्द घालून, लिहून दिला होता.