लागत नाही

बाराव्या दिवशी टाके निघाले. वॉर्डात पडद्याआड डॉक्टरांनी चिमट्याने एकेक दोरा उचलून कापला आणि इंदूबाईने ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मान खाली घालून स्वतःकडे पाहिलं. डावीकडे छाती सपाट झाली होती. कातडीखालच्या फासळ्या दिसत होत्या. काखेपासून पोटाच्या वरपर्यंत काळपट व्रण गेला होता, आणि जिथे रबराची नळी घातली होती तिथून अजून पाणी पाझरत होतं. त्याला वास येत होता. तिला किळस आली नाही. महिन्यापूर्वी गाठीचा तुकडा काढून तपासायला पाठवला, कॅन्सर निघाला, तेव्हापासून हे अंगातून जावं एवढंच तिला हवं होतं. ते गेलं होतं.

"हात भिंतीला लावून रोज थोडा थोडा वर सरकवायचा," डॉक्टर म्हणाले. "आखडू द्यायचा नाही. सोमवारपासून किरणांचा शेक घ्यायला यायचं."

तिचा नवरा गोविंदा पडद्याबाहेर उभा होता. गिरणीत अर्धी रजा टाकून आला होता. त्याने हळूच विचारलं, "डॉक्टरसायेब, हे दुसऱ्याले लागते काय?"

"नाही. एका ताटात जेवलात तरी लागत नाही."

"आयकलं ना?" सायकलरिक्षात बसताना गोविंदा बायकोला म्हणाला. "लागत नाही म्हणते." पण तो सीटच्या पार कडेला बसला आणि कपड्यांचं गाठोडं त्याने दोघांच्या मध्ये ठेवलं.

सक्करदऱ्याच्या तलावामागच्या वस्तीत त्यांच्या दोन खोल्या होत्या. दारात सासू, अंजनाबाई, नातीचं मनगट घट्ट धरून उभी होती. साडेचार वर्षांची सुजाता आईकडे झेपावत होती.

"दूर राय वं, आईच्या अंगाले जखम हाय," अंजनाबाई म्हणाली. इंदूबाईलाही ते पटलं. तिने दुरूनच लेकीला हाक मारली.

जेवण चांगलं केलं होतं. भात, ज्वारीची भाकर, अंड्याचा रस्सा. सासरे धोंडबा आणि गोविंदा भिंतीशी ताटावर बसले. इंदूबाईसाठी उंबऱ्याजवळ वेगळं पोतं अंथरलं होतं. पुढे जर्मनची कोरी थाळी आणि कोरा पेला. पेल्याला काळा दोरा बांधलेला होता, घरातल्या बाकी पेल्यांत मिसळू नये म्हणून.

"इतवारीच्या बाजारातून आणली," अंजनाबाई म्हणाली. "तुह्यासाठीच हाय."

मग तिने भाकर आणली, आणि न वाकता, वरूनच सोडली. भाकर थाळीत पडली तसा आवाज झाला. रस्साही वरूनच ओतला. दोन थेंब इंदूबाईच्या पायावर उडाले.

इंदूबाईने धोंडबांकडे पाहिलं. त्यांचा घास हातातच होता. तरुणपणी ते कुहीकडच्या एका गावात राबत होते. सोळा वर्षांपूर्वी पांढरे कपडे घालून सगळ्या घराला बौद्ध धम्माच्या दीक्षेला घेऊन आले, ते नागपुरातच राहिले. दरवर्षी त्या दिवशी ते वस्तीतल्या पोरांना बसवून गावातल्या हॉटेलची गोष्ट सांगत, आणि सांगता सांगता रडत. इंदूबाईने ती दहा वेळा ऐकली होती.

भाकर पडताना त्यांनी पाहिली होती. त्यांनी पाहिलं हे तिलाही दिसलं. त्यांनी मान खाली घातली आणि भातात रस्सा कालवायला घेतला.

तेव्हा तिने पुढची थाळी बाजूला सारली.

"मामाजी," ती सासऱ्यांना म्हणाली, "हॉटेलवाला तुमची कपबशी कोठं ठेवे?"



"जेव ना मुकाट्यानं," गोविंदा म्हणाला.

"मी मामाजीले पुसून राहिली."

"बाहेर. वळचणीले," धोंडबा म्हणाले. मग भात कालवत, "ते वेगळं होतं, बाई. आमाले काही रोग नव्हता."

"माहा रोगबी लागत नाही. पुसा याइले, डॉक्टरनं काय सांगतलं ते."

गोविंदाने ताटातून नजर वर केली नाही. "म्हणे त खरं," तो म्हणाला. "पण डॉक्टरचं काय. तो का आपल्या घरी राह्यते?"

"घरात लेकरू हाय वं," अंजनाबाई म्हणाली. "तुह्यावर राग नाही माहा. लेकरू हाय, म्हणून."

इंदूबाई उठली. चुलीजवळच्या टोपल्यातून तिने एक भाकर घेतली. एका हाताने ती मोडेना. डावा हात उचलत नव्हता. तो तसाच कोपरात वाकवून तिने भाकर त्याच्या आणि कमरेच्या मध्ये दाबली आणि मोडली. व्रण ओढला गेला. तिने दात आवळले. अर्धी भाकर तिने धोंडबांपुढे धरली.

"घ्या."

त्यांनी घेतली.

ती त्यांच्या शेजारी खाली बसली आणि उरलेली अर्धी कोरडीच खाऊ लागली. अंजनाबाई नातीला उचलून अंगणात निघून गेली. गोविंदा अर्धवट जेवून उठला. धोंडबा मात्र सावकाश जेवले. भात संपवला, अंडं खाल्लं, रस्सा बोटांनी पुसून घेतला. मग हात धुवायला बाहेर गेले. त्यांच्या खाकरण्याचा आवाज आत येत राहिला.

त्यांचं ताट लख्ख झालं होतं. कडेला तिने दिलेली अर्धी भाकर तशीच होती.