वेळेवर

रिपोर्ट वाचून झाल्यावर डॉक्टरबाईंनी आधी ताईकडे पाहिलं नाही, तिच्या धाकट्या बहिणीकडे पाहिलं. छोटीने आपली खुर्ची ताईच्या जवळ ओढली.

चाळिशी उलटली तरी ताईसाठी ती छोटीच होती. काही वर्षांपूर्वी याच खोलीत, याच डॉक्टरबाईंसमोर ती स्वतः बसली होती. गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. आज ती ठणठणीत होती, आणि त्याच भरवशावर ताई गाड्या बदलत, दिवसभराचा प्रवास करून तिच्या शहरात आली होती. आता ती खुर्चीत ऐसपैस बसून खिडकीच्या पडद्याकडे बघत होती. ताईचा धंदा शिवणकामाचा. कुठेही गेली तरी तिची नजर आधी शिवणीवर जायची.

"पडदा उलट्या बाजूने शिवलाय," ती छोटीच्या कानात म्हणाली.

छोटीला हसू आलं नाही.

"अंगावरून जाणं कधीपासून सुरू झालं?" डॉक्टरबाईंनी ताईला विचारलं.

"गेल्या पावसाळ्यात. पाळी जाऊन बराच काळ लोटला होता, म्हणून मला ते खटकलं."

"मग दाखवलं नाही कुणाला?"

"दाखवलं की. लगेच गेले आमच्याकडच्या दवाखान्यात. गोळ्या दिल्या. थांबेना म्हणून परत गेले, तर परत गोळ्या. हिचं झालेलं मला ठाऊक होतं, तेव्हा मीच म्हटलं, आतून तपासा. तर म्हणाले, त्याला बाई डॉक्टर लागते. ती आली की कळवू."

"आली?"

"तिची बदली झाली म्हणे. यायच्या आधीच."

डॉक्टरबाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ऑपरेशनची वेळ गेली. गाठ बाजूला पसरली आहे. मशीनवर किरणांचा शेक द्यावा लागेल, जवळजवळ रोज. सोबत सलाइनमधून औषध. तुमच्या भागात ते मशीन नाही, तेव्हा मुक्काम इथेच करावा लागेल."

"राहील ना माझ्याकडे," कुणी विचारायच्या आत छोटी बोलून गेली.

"बरं," ताई म्हणाली. "राहते. म्हणजे मग हिच्यासारखीच बरी होईन."

छोटीच्या वेळी डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, घाबरू नका, निघून जाईल. तसेच्या तसे शब्द तिच्या कानात होते. ते आता पुन्हा ऐकू येतील म्हणून ती डॉक्टरबाईंच्या तोंडाकडे बघत राहिली.

"पुष्कळ जणींना गुण येतो," डॉक्टरबाई सावकाश म्हणाल्या. "आपण काही बाकी ठेवायचं नाही. पण हिचं फार लवकर सापडलं होतं. तुमच्या बाजूच्या बायका आमच्याकडे येतात त्याच मुळी उशिरा."

"मी उशीर नाही केला." ताईचा आवाज जराही चढला नाही. "मी वेळेवरच गेले होते. तिकडे."

डॉक्टरबाईंनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाल्या, "खरं आहे."

बाहेर बाकावर जागा मिळाली. समोरून एक आया ओला पोछा मारत गेली, तशी दोघींनी पाय वर उचलून घेतले, लहानपणी आई फरशी पुसायची तेव्हा घ्यायच्या तसे. छोटी मनातल्या मनात वाक्य जुळवत होती. धीर धर म्हणावं, तर आपलाच आवाज फुटायचा. रडू नकोस म्हणावं, तर ताई रडत नव्हती. ती काय बोलेल याचीच छोटीला धास्ती वाटत होती. आई एक, आजार एक, मग तुझं आणि माझं वेगळं कसं, असं तिने विचारलं तर काय सांगायचं?

ताईने तसलं काही विचारलं नाही.

"तुला तेव्हा काय त्रास होत होता गं?"

"मला?" छोटी चाचरली. "काहीच नाही."

"काहीच कसं नाही? उगीच कोण कशाला तपासून घेईल?"

"आमच्या कामावर, धुलाईघराच्या दारात, बायकांच्या तपासणीची गाडी आली होती. जाईल तिला अर्धा दिवस सुट्टी, असं मुकादमबाईंनी सांगितलं. म्हणून गेले. झोप काढायची होती मला दुपारी." हे सांगताना छोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपण वाचलो ते दुपारच्या झोपेपायी, आणि ही बिचारी दवाखान्याच्या पायऱ्या झिजवून इथे बसली आहे.

"अर्धा दिवस सुट्टी," ताई म्हणाली. तिला हसू आलं, खरंखुरं, आणि मग ते तोंडावरच राहून गेलं. तिने छोटीपुढे हात केला.

"फोन दे तुझा."

छोटीने फोन दिला. ताईने आपल्या मुलीला लावला. मुलगी तिकडेच दिलेली, दोन लेकरांची आई. सध्या आईच्या मागे तिचं दुकान तीच सांभाळत होती. फोनमधून शिलाई मशीनचा आवाज छोटीला ऐकू आला, आणि तो थांबलेलाही कळला.

"आई? रिपोर्ट आला? काय म्हणाल्या?"

"माझं सांगते सावकाश. तू आधी इकडे निघून ये, मावशीकडे. मुलांना घेऊन आलीस तरी चालेल. तुला तपासून घ्यायचंय."

"मला? मला कशाला? मला काहीसुद्धा होत नाहीये, आई."

"म्हणूनच ये," ताई म्हणाली.