हक्कसोडीचा व्हिडिओ

"दादा, पंचवीस ठेवू का पन्नास?" कॅमेऱ्यातून मान वर न काढता जयमालानं विचारलं.

"काय पंचवीस?"

"फ्रेम. सेकंदाले किती चित्रं घ्याची ते."

इंद्रभाननं जांभई दिली. पहाटे चारला उठून वांग्यांची पोती बाजारात पोचवून तो आत्ता कुठं घरी टेकला होता. "तुले बरं दिसते ते ठेव, बाई. वकिलाले चाललं म्हणजे झालं."

जयमाला त्याची धाकटी बहीण, दिली होती दुसरबीडला. नवऱ्याचा फोटो स्टुडिओ. लग्नात बायकांकडचं शूटिंग तीच करायची. आई जाऊन वर्ष होत आलं होतं, आणि आईच्या चार एकरांतला आपला हिस्सा जयमाला सोमवारी भावाच्या नावे सोडून देणार होती. त्यांच्या गावात, वरवट बकालात, यात नवल काही नाही. बहिणी हक्क सोडतात, भाऊ साडी घेतो, माहेर उघडं राहतं. पण वकिलानं इंद्रभानच्या डोक्यात किडा सोडला होता: सहीबरोबर व्हिडिओही करून ठेवा, बहिणी मागून फिरतात.

हे बहिणीला सांगायचं कसं, या विचारात त्याचे दोन दिवस गेले. सांगितलं, तर तीच म्हणाली, "मोबाईलवर काऊन? तो हलते. मी कॅमेरा आणीन ना." इतकी भोळी बहीण मिळायला नशीब लागतं.

कॅमेरा नवशिक्यांचाच होता. मोठा नवऱ्यानं कुठल्याशा लग्नाला नेला होता. पण जयमालाचं काम चोख. फुल एचडी ठेवलं. शटर पन्नासावर आणलं, नाहीतर म्हणे ट्यूबलाइट चित्रात फडफडते. फोकस हातानं बसवला. आवाजाची पातळी दोनदा वाढवून पाहिली आणि शेवटी पंखाही बंद करायला लावला.

"जीव जाईन ना गरमीनं," इंद्रभान कुरकुरला.

"घरघर येते त्याची. चित्र जरा खराब चालते, आवाज साफ पाह्यजे."

मागची स्क्रीन तिनं उलटी फिरवून खाटेकडं केली. "मले माहा चेहरा दिसला पाह्यजे. पदर सरकला त कसं दिसन?" मग दोन-चार बटणं दाबली आणि खाटेवर जाऊन बसली. "मी तयार झाली का हे मागचं बटण दाबजो. बोलणं झालं का परत दाबजो. बाकी कशाले हात लावू नको."

"पाठ हाय ना? 'राजीखुशीनं हिस्सा सोडून राह्यली, कोणाचा दबाव नाई.' दबाव हा शब्द आलाच पाह्यजे म्हणे वकील. मी सांगतो तसंच बोलजो, आपलं काही घालू नको."

"हाव."

इंद्रभाननं बटण दाबलं. जयमाला चांगली बोलली, पण शेवटच्या वाक्याला तिला रडू आलं. त्यानं परत बटण दाबलं.

"रडू नको ना. रडलेलं दिसलं त जबरदस्ती वाटते."

"आई आठवली. दादा, ते शेवटी काय बोलली होती तुले?"

थकलेल्या माणसाला खोटं रचायचाही कंटाळा येतो. "बोलली होती. जयमालाले दोन एकर देजो म्हणे. तानुबाई मावशीही होती तवा." त्यानं घाम पुसला. "पण मले सांग, तीन वर्षं तिचं हागणंमुतणं कोणं काढलं? मी अन् तुह्या वहिनीनं. तू दुसरबीडहून येऊन वांगे लावशील काय?"

जयमाला मान खाली घालून बसली. त्याला वाईट वाटलं, खरंच वाटलं. पण वाईट वाटून शेत पिकत नाही.

दुसऱ्या वेळी ऐन बोलण्यात गल्लीतून ट्रॅक्टर धडधडत गेला. पुन्हा बटण.

"अन् मी नाई म्हटलं त?" पदर नीट करता करता तिनं सहज विचारलं.

"त राखीले येऊ नको. माहेर तुटलं समज." बोलून गेल्यावर त्यानं जीभ चावली. "थकलो ना जयमाला. एवढं एक निस्तरू दे मले."

"कळते दादा."

तिसऱ्या वेळी झकास जमलं. डोळे कोरडे, शब्द ठसठशीत. बटण दाबून इंद्रभान भिंतीला टेकून खालीच बसला. "सुटलो. आता तुह्या नवऱ्यानं कितीही डोकं लावलं तरी काई होत नाई."

जयमाला उठली, कॅमेरा बंद करून पिशवीत ठेवला. व्हिडिओ रविवारी पाठवते म्हणाली, वहिनीनं दिलेली साडी घेतली आणि एसटीला गेली. इंद्रभान त्या दुपारी कितीतरी महिन्यांनी गाढ झोपला.

रविवारी संध्याकाळी मोबाईल चार वेळा वाजला. बहीण बोलली होती तीनदा, व्हिडिओ आले चार. पाठवताना गडबड झाली असेल म्हणत त्यानं चष्मा लावला, बायकोला, सारिकाला, शेजारी बसवलं आणि पहिला लावला.

खाटेवर जयमाला, मान खाली. बोलत होता तो इंद्रभान: मी सांगतो तसंच बोलजो. तेवढ्यात व्हिडिओ संपला. त्यानं दुसरा लावला, तिसरा, चौथा. चेहरा सगळीकडं बहिणीचा, सांगणं सगळं त्याचं. तिचं ते पाठ केलेलं बोलणं एकातही नव्हतं.

"अवं, तुमचं बटण उलटं पडलं वाटते," सारिका म्हणाली. "कॅमेरा आधीच सुरू असन, तुमी दाबलं का बंद, परत दाबलं का चालू."

इंद्रभाननं कपाळावर हात मारला. आता पुन्हा तो कॅमेरा, पुन्हा ती गरमी. जयमालाला फोन लावणार, तोच तिचा मेसेज आला.

"दादा, चारही माह्या वकिलाले दाखवले. एवढे पुरे म्हणे. सोमवारी येतेच, माह्या दोन एकराची वाटणी करू."