पिलं गप्प झाली

डीजेवाला एक गाणं संपवून दुसरं लावणार, तेवढ्या मधल्या फटीत दीपमालाला तो आवाज ऐकू आला.

सजवलेल्या गाडीत ती सत्यमच्या शेजारी बसली होती. रेणापूरजवळच्या त्या गावात वरात सासरच्या दारापर्यंत येऊन थांबली होती आणि पोरांचं नाचणं काही आवरत नव्हतं. बायका काचेतून वाकून वाकून नवरी बघत होत्या. "पोरगी लई शांत हाय," असं एकमेकींना सांगत होत्या. दीपमालानं मात्र सकाळपासून दोन्ही हात पदराखाली लपवले होते.

"इथं कुठं कोंबडीची पिलं आहेत का?" तिनं विचारलं.

"हाव. घरामागं आपलीच शेड हाय की," सत्यम म्हणाला. "मागच्याच आठवड्यात टाकलीत. कामून?"

पुढचं गाणं सुरू झालं. गाडीची काच थरथरायला लागली.

तो आवाज तिच्या ओळखीचा होता. उदगीरला जनावरांच्या डॉक्टरकीचं शिकताना दोन वर्षं तिनं त्याच्यावरच काम केलं होतं. एकेक पिलू कळपातून काढून डब्यात एकटं ठेवायचं, त्याचं ओरडणं टिपायचं, मग त्याचा मेंदू काढून भीतीनं त्यातली कुठली रसायनं चढली, कुठली उतरली, ते मोजायचं. पिलू आधी जिवाच्या आकांतानं ओरडतं. मग गप्प होतं. गप्प झालं म्हणजे निवलं असं नव्हे, हे तिनं मोजून पाहिलं होतं.

गाणं संपलं. दीपमालानं कान दिला. मागून काहीच ऐकू येत नव्हतं.

तिनं गाडीचं दार उघडलं.

"आगं, कुठं चाललीस? अजून माप ओलांडायचंय!" कुणीतरी ओरडलं. तोवर शालूच्या निऱ्या मुठीत धरून ती घराला वळसा घालून मागं गेलीसुद्धा.

शेडमध्ये दिवे चालू होते. खाद्याची भांडी भरलेली, पाणी भरलेलं, आणि सगळी जमीन मोकळी. पिलं लांबच्या कोपऱ्यात होती. सगळीच्या सगळी, एकमेकांवर चढून, पिवळा ढीग झालेली. नवीन गाण्याचा पहिला ठोका पडला तसा ढीग आणखी आत दबला.

ती तुसावर गुडघे टेकून बसली आणि कोपरापर्यंत हिरवा चुडा भरलेले हात तिनं ढिगात घातले. आतली पिलं घामेजल्यासारखी ओली, गरम लागत होती. काही हाताला नुसतीच लोंबत होती.

मागून सासूबाई, तुळजाबाई, आल्या. हातात ओवाळायचं ताट तसंच होतं.

"आगं माय, हे काय? लोक काय म्हणतील?" म्हणता म्हणता त्यांची नजर कोपऱ्याकडं गेली. "आगं बया!"

"आत्याबाई, तो डीजे बंद करायला सांगा. एक भ्यालं की सगळ्यांच्या डोक्यात तीच भीती चढते. एकमेकांच्या खाली घुसतात. खालची गुदमरतायत."

तुळजाबाई जागच्या हलल्या नाहीत. "ह्यांनी हौसेनं लातूरहून आणलाय डीजे," त्या हळू म्हणाल्या. मग ताट दाराबाहेर ठेवून निघून गेल्या.

थोड्या वेळानं गाणं अर्ध्यातच तुटलं.

"कोण म्हणलं रे बंद कर?" शेषेरावांचा, सासऱ्यांचा, आवाज भिंतीपलीकडून आला.

"म्या म्हणलं."

त्यानंतर बाहेर कुणी चकार शब्द बोललं नाही. तुळजाबाईंनी नवऱ्याला असं उत्तर आधी कधी दिलेलं नसणार, ते दीपमालाला त्या शांततेवरूनच कळलं.

तुळजाबाई परत आल्या, पदर खोचला आणि दुसऱ्या बाजूनं पिलं पसरवायला लागल्या. मेलेली त्या एका टोपल्यात ठेवत गेल्या. जिवंत होती ती मोकळ्यावर आली तरी जागीच बसून राहत होती, डोळे ताणून.

एक पिलू मान टाकून पडलं होतं, पण छाती हलत होती. दीपमालानं ते ओंजळीत घेतलं. प्रयोगात भ्यालेल्या पिलाला हात लावायची सोय नसे. हाताच्या उबेनं आकडे बिघडत. दोन वर्षं ती डब्याशेजारी हात मांडीवर ठेवून नुसती ऐकत बसली होती. आता मेंदीच्या तळव्यावर त्याचं काळीज सुईसारखं टोचत होतं. तिनं दुसरा तळवा वरून झाकला. बऱ्याच वेळानं आतून बारीक, खालच्या पट्टीतला, निवल्यासारखा आवाज आला. हा आवाज तिनं कधी टिपलेला नव्हता.

"तुझे हात कामून थरथरायलेत?" तुळजाबाईंनी विचारलं.

"सकाळपासून थरथरतायत."

हे ती दिवसभरात कुणालाच बोलली नव्हती.

सत्यम दारात आला. "आई, बाबा बोलवायलेत. सगळे खोळंबलेत."

"येताव म्हणावं. वाटंतच हाव."

तो गेला. तुळजाबाई उठल्या नाहीत. नव्याकोऱ्या इरकलीसकट त्यांनी तुसावर फतकल मारली, भिंतीला टेकल्या आणि शेजारची जागा हातानं साफ केली.

"बस जरा," त्या म्हणाल्या. "मी ह्या घरात आले तवा बी लई वाजत हुतं."

दीपमाला पिलासकट त्यांच्याजवळ बसली. तुळजाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.